गुरुवारी रोलर कोस्टर

चाकणच्या पुढे महामार्गाच्या कडेला रोलर कोस्टरचा फ्लेक्स लागला तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. आम्ही तिघं तिच्या मामाच्या गावाहून भोसरीला परत येत होतो. स्कूटरवर, भर उन्हात. मध्ये मुलगी, मागे बायको आणि बायकोच्या मांडीवर मामाने दिलेली कांद्याची पिशवी. मुलगी एकदम माझ्या कानात ओरडली, "बाबा, थांबा!" मला वाटलं हिच्या आईची ओढणी चाकात गेली. करकचून ब्रेक दाबला, तर ही खाली उतरून फ्लेक्स वाचत उभी.

चांगला दुमजली घराएवढा फ्लेक्स होता. त्यावर चार गोरीगोमटी पोरं हात वर करून किंचाळत होती आणि खाली ‘लवकरच येत आहे’ असं लिहिलं होतं. मागे पाण्याच्या घसरगुंड्यांचं पार्क आधीपासून होतंच, त्याच्या शेजारच्या माळावर हे नवीन काम होणार होतं. माळावर तेव्हा एक जेसीबी होता आणि त्याच्या सावलीत दोन माणसं झोपली होती.

"हे झालं की आपण दोघं बसायचं," मुलगी म्हणाली. "आईला चक्कर येते, आपण दोघंच. मी आधी दुसऱ्या कुणाबरोबर बसणार नाही, आणि तुम्हीपण बसायचं नाही."

"बरं," मी म्हणालो. माझं डोकं तापलं होतं, कांद्याची पिशवी फाटत आली होती, आणि आमच्या पट्ट्यात ‘लवकरच’ या शब्दाला किती लांब शेपूट असतं ते मला माहीत होतं. उड्डाणपूल लवकरच, पाण्याची नवी लाइन लवकरच, पर्मनंट करायचं पत्रसुद्धा लवकरच. हो म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पोरीने मात्र खूणगाठ बांधली.

इथे आमच्या गुरुवारचं सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला पुढचं दुखणं कळायचं नाही. पिंपरी, भोसरी, चाकण या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या राज्यातले कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकीचे दिवस सगळे एकदम चालू, असं झालं तर वीज पुरायची नाही, म्हणून फार पूर्वी कुणीतरी वार वाटून दिले आणि आमच्या पदरात गुरुवार पडला. म्हणजे जगाचा रविवार असतो तेव्हा मी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी असतो आणि माझा रविवार येतो तेव्हा जग कामाला गेलेलं असतं. बायको पिंपळे सौदागरच्या एका शाळेत शिकवते. तिची सुट्टी रविवारची, मुलीचीही रविवारची. एका घरात राहून आम्ही दोन वेगळ्या पंचांगांवर चालत होतो.

बरं, गुरुवार तरी सुखाचा असावा? तर नाही. कारखाने बंद आहेत म्हणून वीजवाले दुरुस्ती त्याच दिवशी काढतात, म्हणजे माझ्या सुट्टीला पंखा नाही. बायकोचा गुरुवारचा उपास, म्हणजे माझ्या सुट्टीला मटण नाही. मटण रविवारी शिजतं, तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये पातळ आमटीत बटाटा शोधत असतो. गुरुवारी मी दळण आणायचं, गॅसचा नंबर लावायचा, बँकेत जायचं आणि दुपारी घामेजल्या अंगाने गादीवर पडून राहायचं. शाळेतून मुलगी आली की क्लासला जायची आणि क्लासहून आली की तिला अभ्यास असायचा. शाळेची पालकसभा रविवारी, स्नेहसंमेलन रविवारी, मैत्रिणींचे वाढदिवस रविवारी. पालकसभेत तिच्या बाईंनी एकदा बायकोला हळूच विचारलं होतं, "मुलीचे वडील असतात ना घरी?" बायको हसत हसत सांगत होती. मला त्याचं हसू आलं नाही.

मे महिन्यातले गुरुवार तेवढे आमचे दोघांचे. पण मे महिन्यात ती मामाकडे. तिला अडवायचं कोणत्या तोंडाने? इथे दिवसभर विजेविना माझं घोरणं ऐकत बसायला?

म्हणून तो रोलर कोस्टर. मुलीने माझ्याकडे कधी फार काही मागितलं नाही. सायकल मागितली नाही, मोबाइल मागितला नाही. जे मिळालं ते घेतलं. हे एवढं एक मागितलं होतं आणि मी हो म्हणून बसलो होतो.

माझी कंपनी त्या माळाच्याही पुढे आहे. त्यामुळे रोज जातायेता कंपनीच्या बसमधून ते काम दिसायचं. बसमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी कागदावर लिहून दिलेली नाही, पण दुसऱ्याच्या जागेवर बसलात तर अख्खी बस तुमच्याकडे अशी बघते की तुम्ही आपणहून उठता. माझ्या शेजारी आमच्या मेंटेनन्सचा एक फिटर बसायचा. चाकणजवळच्याच एका गावचा. घरी थोडी शेती, उरलेला जन्म कंपनीत. चांगला माणूस, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की कंपनीच्या गेटपर्यंत थांबायचा नाही.

पहिल्या वर्षी खांब उभे राहिले, तांबड्या प्रायमरचे. मग काम थांबलं. खांबांखाली गवत वाढलं आणि गवतात म्हशी आल्या. मग करोनाची टाळेबंदी आली, तेव्हा सगळंच थांबलं. ती उठल्यावरही खांब तसेच, प्रायमर उडून आता खरा गंज चढलेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, तशातली गत.

"राव, ह्यो झोपाळा चालू व्हईस्तवर मी रिटायर हुतोय बगा," फिटर म्हणायचा.

"तुमची रिटायरमेंट लांब आहे."

"झोपाळाबी लांबच हाय."

संध्याकाळी घरी गेलो की मुलगी विचारायची, "आज किती झालं?" मी बूट काढता काढता रिपोर्ट द्यायचो. आज दोन खांब वाढले. आज क्रेन आली. आज काही नाही. कंपनीत मी दिवसभर वरच्या साहेबाला प्रॉडक्शनचा रिपोर्ट देत असतो, त्यापेक्षा हा रिपोर्ट मी जास्त इमानाने दिला. पण परतीच्या बसमध्ये डोळा लागायचा. दिवसभर प्रेसच्या धडधडीत उभं राहिलेला माणूस सीटवर टेकला की संपला. सगळ्या बसच्या माना एकाच बाजूला कललेल्या असतात. म्हणून फिटरला सांगून ठेवलं होतं. माळ जवळ आला की तो मला कोपराने ढोसायचा. "उठा. पोरीला काय सांगणार?" मी डोळे उघडून बघायचो आणि पुन्हा मिटायचो. एवढाच माझा बाप म्हणून पराक्रम.

मुलगी आठवीत गेली, नववीत गेली. रुळांचे वळणदार तुकडे ट्रेलरवरून आले तेव्हा महामार्ग अर्धा दिवस तुंबला आणि सगळ्या पट्ट्याने त्या रोलर कोस्टरला मनसोक्त शिव्या घातल्या. मला मात्र संध्याकाळी सांगायला चांगला माल मिळाला. तिने मोबाइलवर बघून बघून त्याची सगळी माहिती काढली होती. जेवताना ताटाच्या कडेवर वाटी चढवून ती आईला समजावून सांगायची, की साखळी फक्त पहिल्या चढावर वर ओढते, तिथून पुढे गाडीला इंजिन नाही की काही नाही, उतारावर मिळालेल्या वेगावरच ती सगळी वळणं पार करते. बायको म्हणायची, "आधी त्या वाटीतली आमटी संपव."

दहावीनंतर तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर घे. हिंजवडीत जा, एसीत बस, शनिवार-रविवार सुट्टी घे. मला खरं तर त्या कॉम्प्युटरचं काही पडलेलं नव्हतं. मला पोरीला रविवारची सुट्टी हवी होती, बस. जावईसुद्धा रविवारवालाच बघायचा, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. लोक पत्रिका बघतात, मी साप्ताहिक सुट्टी बघणार होतो. पण मुलगी म्हणाली, "मला मशीन आवडतात, बाबा. तुमच्यासारखी." मला मशीन कधी आवडली नव्हती. मला मशीनची सवय झाली होती. हे तिला कसं सांगणार? फॉर्मवर सही केली.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात एकदाची ट्रायल सुरू झाली. माणसांऐवजी सीटवर वाळूची पोती बांधून गाडी सोडायचे. सकाळची आमची बस तिथे सिग्नलला थांबली होती आणि त्या दिवशी कधी नव्हे ते सगळी बस जागी होती. गाडी हळूहळू टोकाला गेली, क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि जी सुटली ती सुटलीच. पोती इकडून तिकडे, वरून खाली.

"बगा," फिटर म्हणाला, "आपल्या आधी पोत्यास्नी बसाया मिळालं. नशीब लागतं राव."

सगळी बस हसली. मीही हसलो. पण इतकी वर्षं ते काम चाललं होतं तोवर माझा शब्द सुरक्षित होता. काम संपलं नाही यात माझा काय दोष? आता ती ढाल गेली.

उद्घाटन झालं. तिच्या कॉलेजातली सगळी पोरं-पोरी पुढच्याच रविवारी जाऊन आली. व्हिडिओ काढले, किंचाळले, घसे बसवून आले. मी कंपनीतून आलो तेव्हा बायको ओट्याजवळ भाजी निवडत होती. मला म्हणाली, "सगळ्या गेल्या, ही घरी बसली."

"का? पैसे नव्हते का?"

"पैसे होते. म्हणते, बाबांबरोबर ठरलंय."

मला वाटलं होतं की ती विसरली असेल. एवढी मोठी झालेली पोरगी, तिला आता बापाबरोबर कशाला बसायचं असेल? तिला अजून बसायचं होतं, हे ऐकून मला आतून फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी असं वाटलं की कुठेतरी जाऊन तोंड लपवावं.

मी रविवारची रजा मागितली. साहेब म्हणाले, या महिन्यात ऑडिट आहे, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात एक प्रेस बंद पडली आणि राहिलेलं प्रॉडक्शन रविवारीच भरून काढायचं ठरलं. साहेबांना सांगू कसं, की मला रोलर कोस्टरमध्ये बसायला जायचंय? माझे केस पिकलेत. लग्न, दहावा, दवाखाना यांपैकी काही असेल तर माणसाला रजा मागता येते. पोरीबरोबर वरून खाली पडायचंय, यासाठी कुठल्या तोंडाने मागायची?

मग तिची शेवटची परीक्षा संपली आणि मला युक्ती सुचली. आता ती घरीच होती. कॉलेज नाही, क्लास नाही. म्हणजे गुरुवार मोकळा! इतके दिवस हे डोक्यात कसं आलं नाही म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. बायकोला म्हटलं, तूही शाळेतून रजा टाक. बसू नकोस, खालून बघ. मुलीला काहीच सांगितलं नाही. सकाळी फक्त म्हटलं, तयार हो, आळंदीला जाऊन येऊ. तिने माझ्याकडे बघितलं. देवाला जाताना बाप जीन्स घालत नाही हे तिला कळत होतं. गालात हसत केस बांधत राहिली.

बायकोने तिच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी जास्तच केली आणि डब्यात भरली. ती आणि मी स्कूटरवर, मुलगी मैत्रिणीकडून मागून आणलेल्या गाडीवर आमच्या मागे. आळंदीचा फाटा गेला तरी मी वळलो नाही, तेव्हा मागून तिने जो हॉर्न वाजवला, तो मी जन्मात विसरणार नाही. वाजवतच राहिली वेडी. बायको मागून माझ्या पाठीवर थापट्या मारत होती. मलाही वेड्यासारखं हसू येत होतं.

पार्कचं गेट बंद होतं.

गेटसमोर मात्र हीऽ गर्दी. मोटरसायकली, रिक्षा, एक टेम्पोसुद्धा. पोरंबाळं, बायका, डबे, चटया. मी गर्दीकडे बघितलं आणि मला सगळे ओळखीचे वाटले. एकालाही ओळखत नव्हतो, पण प्रत्येकाच्या खांद्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीची बॅग होती. दिवाळीला मिळालेली बॅग, सेफ्टी वीकला मिळालेली पाण्याची बाटली, डोक्यावर वार्षिक दिनाची टोपी. पेंट शॉपवाले, फोर्जिंगवाले, असेंब्लीवाले. पोरांना शाळेला दांडी मारायला लावून आणलेलं. सगळा गुरुवार तिथे येऊन उभा होता.

गेटच्या आत एक म्हातारा वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. मी पुढे होऊन विचारलं, "बंद का आहे?"

"दर गुरुवारी बंदच आस्तंय," तो म्हणाला. "लाइट न्हाई ना."

"लाइट नाही म्हणजे?"

त्याने माझ्या बॅगेवरचं कंपनीचं नाव सावकाश वाचलं. "कंपनीतलेच न्हवं तुमी? मग तुमाला म्हाइत न्हाई व्हय? गुरुवारी कुठं आस्ती हिकडं लाइट?"

गर्दीत कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. हसता हसता एकमेकांची तोंडं बघायला लागले. गुरुवारी वीज नसते हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या सुट्टीचं कारणच ते. जन्मभर गुरुवारी पंख्याविना पडून राहिलेली माणसं आम्ही, पण पोरांना घेऊन विजेवर चालणाऱ्या झोपाळ्यात बसायला आलो होतो तेही गुरुवारीच. सुट्टी म्हटलं की गुरुवार, आणि सुट्टीच्या दिवशी पार्क चालूच असणार, असं प्रत्येकाने धरून चाललं होतं. दुसरा कुठला माणूस ही चूक करणार नाही. "वेबसाइटवर लिवलंय," वॉचमन म्हणाला. लिहिलं असेल. आपल्या हक्काच्या सुट्टीला वेबसाइट कोण बघतं?

मला मुलीकडे बघवेना. ती गेटच्या गजांना धरून आत बघत होती. रोलर कोस्टर समोर उभा होता, चांगला निळा रंग दिलेला, आणि गाडीवर ताडपत्री बांधून ठेवली होती. मी म्हटलं, "चुकलंच माझं."

"असू दे बाबा," ती म्हणाली. "जवळून बघितला तरी. तो बघा, तो पहिला चढ. तिथपर्यंतच साखळी आहे."

भिंतीच्या सावलीत बसून आम्ही खिचडी खाल्ली. आजूबाजूला इतरांनीही डबे उघडले होते. शेजारच्या बाईंनी शेंगदाण्याची चटणी दिली, आम्ही त्यांच्या पोरांना खिचडी दिली. कुणी भांडलं नाही, कुणी गेटवर दगड मारला नाही. एवढी माणसं इतक्या मुकाट्याने कशी परत जातात, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. पण मीही मुकाट्यानेच किक मारली.

पुढे आठवडाभरातच मुलीला नोकरीचं बोलावणं आलं. चाकणलाच, माझ्या नव्हे पण माझ्यासारख्याच एका कंपनीत, असेंब्ली लाइनवर ट्रेनी म्हणून. ती पेढे घेऊन आली, माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला आणि म्हणाली, "बाबा, ओळखा, सुट्टी कधीची?"

मला ओळखायची गरज नव्हती. पेढा तोंडात तसाच राहिला.

"गुरुवार!" तिने टाळ्या वाजवल्या. "आता आपली सुट्टी एकच. आता कुणाकडे रजा मागायला नको. दर गुरुवारी जाऊ म्हटलं तरी जाऊ."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी कसाबसा पेढा गिळला आणि म्हटलं, "छान झालं." छान झालं नव्हतं. मी इतकी वर्षं देवाकडे एकच मागत आलो होतो, की हिला या गुरुवारातून सोडव. आणि ही तर नाचत नाचत त्याच गुरुवारात येत होती, माझ्यासाठी. आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. मला आनंद झाला, याचंच जास्त वाईट वाटलं.

तिकडे पार्कवाल्यांनाही शहाणपण सुचलं. इतकी गिऱ्हाइकं दर गुरुवारी गेटवरून परत जातात म्हटल्यावर त्यांनी मोठा जनरेटर आणून बसवला आणि बंदचा वार मंगळवारवर नेला. ‘आता गुरुवारीही सुरू’ असा नवीन फ्लेक्स लागला. फिटरने मला कोपराने ढोसून तो दाखवला. "राव, आता कुठं पळून जानार?"

तिचा पहिला गुरुवार ट्रेनिंगमध्ये गेला. नव्या पोरांना ट्रेनिंगला सुट्टीच्याच दिवशी बोलावतात, त्यात नवल नाही. कामाचे दिवस कसे गेले ते मी बघत होतो. पहिली पाळी. उजाडायच्या आत तिची बस. संध्याकाळी आली की दारातच भिंतीला टेकायची, सेफ्टी शूज काढायलाही वाकायची नाही. लाइनवर बसायला स्टूल नसतं. जेवताना घास हातात धरून तशीच थांबायची. आई विचारायची, "काय केलंस आज?" तर म्हणायची, "बोल्ट घट्ट केले." ताटाच्या कडेवर वाटी चढवणारी पोरगी ती. मला वाटायचं, बोलावं काहीतरी. पण या बाबतीत सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं की सवय होते. आणि ते मला तिला सांगायचं नव्हतं.

दुसरा गुरुवार मोकळा मिळाला. आदल्या दिवशी तिने मोबाइलवर दोन तिकिटं काढली, सकाळची पहिलीच वेळ. मला दाखवली. "बाबा, लवकर उठवा हं. नाहीतर रांग लागते." बोलता बोलता तिचे डोळे मिटत होते.

सकाळी बायको शाळेत गेली. जाताना म्हणाली, "ओरडा मोठ्याने. लाजू नका." मी अंघोळ केली, दाढी केली. चांगला शर्ट घातला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्या उंचीची होती, आणि आपण घाबरलो तर पोरीला काय वाटेल याचीही होती. मी चहा केला, दोन कप भरले आणि तिच्या खोलीत गेलो.

ती पालथी झोपली होती. एक हात पलंगाखाली लोंबत होता. पांघरुणातून पाय बाहेर आले होते आणि मी त्या पायांकडे बघत राहिलो. घोट्याभोवती बुटाचा लाल पट्टा उमटला होता, टाचेला चिकटपट्टी, आणि पावलं सुजून गुबगुबीत झाली होती, लहानपणी असायची तशी.

"ऊठ बाळा," मी म्हटलं. "वेळ झाली."

ती ताडकन उठून बसली. डोळे मिटलेलेच. उशाशी चाचपडून कंपनीचं ओळखपत्र शोधायला लागली. सापडलं तसं गळ्यात अडकवायला गेली आणि म्हणाली, "बस आली?"

"नाही गं. बस कुठली? आज गुरुवार."

हात थांबला. "सुट्टी?"

"सुट्टी."

आणि ती हसली. डोळे न उघडता, इतकं खुशीत, इतकं सगळ्या चेहऱ्याने, की असं हसताना मी तिला आजवर कधी बघितलं नव्हतं. ओळखपत्र हातातून गळालं आणि डोकं उशीला टेकायच्या आधीच ती पुन्हा झोपली.

पुढे काय करायचं होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. खांद्याला धरून हलवायचं, तिकिटांची आठवण करून द्यायची. ती उठली असती, आलीही असती, माझा हात धरून किंचाळलीही असती. तेवढी ती शहाणी आहे. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. हातातले दोन्ही चहा निवले. तिकिटाची वेळ झाली आणि टळूनही गेली. मी दार हळूच ओढून घेतलं, बाहेर येऊन शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर बसून राहिलो.

शाळेच्या मधल्या सुट्टीत बायकोचा फोन आला. मागे पोरांचा गलका चालला होता.

"झालं का बसून? ओरडलात का?"

"गेलो नाही," मी म्हणालो. "झोपली आहे ती."

"अहो, मग उठवायचं की! एवढी वर्षं थांबलात आणि आता..."

"उठवली होती."

"मग?"

"तिला सांगितलं आज सुट्टी आहे," मी म्हणालो. "तर हसली गं ती."